जोराचा व्यायाम सोसवत नाही : मन कमकुवत की शरीराची ठेवणच तशी?

त्रिरश्मी

नमस्कार. माझे वय ४४, नोकरी बैठी, मुक्काम नाशिक. गेल्या जूनपासून मी आणि माझी पत्नी घराजवळच्या जिममध्ये सकाळी साडेसहाच्या बॅचला जातो. आठवड्यातले चार दिवस तिथे 'हिट' या नावाने ओळखला जाणारा प्रकार करून घेतात : ४० सेकंद बर्पी (खाली बसून, पाय मागे फेकून, पुन्हा उठून उडी मारणे), २० सेकंद विश्रांती, मग ४० सेकंद जागच्या जागी गुडघे उचलत पळणे, पुन्हा २० सेकंद विश्रांती, असे साधारण २५ मिनिटे चालते. पत्नीला हे मनापासून आवडते. संथ चालण्याचा तिला इतका कंटाळा आहे की कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलासुद्धा ती तरातरा जाते.

माझे नेमके उलट होते. दुसऱ्या फेरीतच कानांत ठोके ऐकू येऊ लागतात, तोंडाला पाणी सुटून मळमळते आणि भिंतीवरच्या सेकंदकाट्याशिवाय दुसरे काही दिसत नाही. आदल्या रात्री गजर लावतानाच पोटात गोळा येतो. मनगटावरचे घड्याळ त्या वेळी १६८ ठोके दाखवते. विशेष म्हणजे पत्नीचेही जवळपास तेवढेच असतात, आणि ती मात्र शेजारच्या बाईंशी हसत असते.

ट्रेनर मुलगा कष्टाळू आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही; पण "सर, शरीर थकत नाही, मन थकतं" हे त्याचे पालुपद आता मला टोचू लागले आहे. कारण रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या मी न थांबता चढतो, गंगापूर रस्त्याने सोमेश्वरपर्यंत झपझप चालत जातो, आणि ते करताना मला आनंद होतो. मग मला आळशी तरी कसे म्हणावे? दोन माणसांचे ठोके सारखे असताना एकाला मजा आणि दुसऱ्याला यातना, असे का व्हावे? सवयीने मलाही हे आवडू लागेल का? आणि सोडून दिले तर माझे नेमके काय नुकसान होईल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

स्नायुसूत्र

मी व्यायामशरीरशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे वर्गातल्यासारखे झाले तर सांभाळून घ्यावे.

घड्याळावरचा १६८ हा आकडा दोघांचा एकच असला, तरी त्याचा अर्थ दोघांच्या शरीरात एकच असेल असे नाही. २२० मधून वय वजा करण्याचे जे सूत्र बहुतेक जिममध्ये सांगितले जाते, ते समूहाची सरासरी देते. एकाच वयाच्या माणसांची हृदयाची खरी कमाल गती त्या सरासरीच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असते. सूत्राप्रमाणे आपली कमाल १७६ येते. प्रत्यक्षात ती १७० असेल, तर १६८ वर आपण जवळजवळ छताला डोके लावून उभे आहात. आणि पत्नीची कमाल १८८ असेल, तर तिच्या हाताशी अजून वीस ठोके शिल्लक आहेत. हसायला तेवढी जागा पुरते.

दुसरा फरक याहून मोठा आहे. व्यायामाचा जोर हळूहळू वाढवत नेला, तर एका टप्प्यापर्यंत श्वास त्याच प्रमाणात वाढत जातो. त्यापुढे रक्तात लॅक्टेट हा स्नायूंत तयार होणारा पदार्थ साचू लागतो, सोबत वाढणाऱ्या आम्लतेला रक्तातले बायकार्बोनेट सावरून धरते, त्या प्रक्रियेत जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास एकाएकी जोराने चालू लागतो. या वळणाला व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड म्हणतात. मी वर्गात त्याला 'श्वासाचा उंबरठा' म्हणतो. बैठ्या माणसात हा उंबरठा कमाल ऑक्सिजनक्षमतेच्या (शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकते त्याच्या) साधारण ५० ते ६० टक्क्यांवरच लागतो, तर लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूत तो ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो. 'सगळ्यांनी ७५ टक्क्यांवर राहा' असे फर्मान सोडले, की एकजण उंबरठ्याच्या अलीकडे आरामात असतो आणि दुसरा पलीकडे धापा टाकत असतो.

आता 'आवडते की नाही' याकडे येऊ. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात पँटेलेमॉन एकेकाकिस या संशोधकांनी या विषयावर पुष्कळ वर्षे काम केले. व्यायाम चालू असतानाच माणसाला 'आत्ता या क्षणी कसे वाटते आहे' असे विचारायचे आणि उत्तर अधिक ५ पासून उणे ५ पर्यंतच्या पट्टीवर घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. पट्टी १९८९ पासून वापरात आहे. त्यातून दिसलेले चित्र साधारण असे : उंबरठ्याच्या खाली बहुतेकांना बरे वाटते, उंबरठ्याच्या बराच वर बहुतेकांना वाईट वाटते, आणि उंबरठ्याच्या आसपासच्या पट्ट्यात मात्र माणसामाणसांत फाटाफूट होते, काहींचे सुख वाढते, काहींचे घटते. तिथे विचारांना, स्वभावाला, पूर्वानुभवाला वाव असतो. त्याच्या वर गेल्यावर फुप्फुसे आणि स्नायू यांच्याकडून येणाऱ्या संवेदनाच इतक्या मोठ्या होतात, की मनाला समजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. आपल्या ट्रेनरचे वाक्य उंबरठ्याजवळ अर्धेमुर्धे खरे ठरू शकते. आपण जिथे मळमळत उभे आहात तिथे ते लागू नाही.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. जोराचा व्यायाम थांबवताच मनःस्थिती झपाट्याने उसळी घेऊन वर येते. त्यामुळे वर्ग संपल्यावर दोन मिनिटांनी "कसं वाटलं?" असे विचारले, की सगळे "एकदम मस्त" म्हणतात आणि ट्रेनरला वाटते की सगळ्यांना व्यायाम आवडला. प्रत्यक्षात बऱ्याच जणांना व्यायाम थांबणे आवडलेले असते.

एकेकाकिस यांनी एरिक हॉल आणि स्टीव्हन पेट्रुझेलो यांच्यासह २००५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात १६ विधाने आहेत. आठ 'पसंती'ची आणि आठ 'सहनक्षमते'ची. पसंती म्हणजे मोकळीक दिली तर माणूस आपणहून कोणता जोर निवडतो, आणि सहनक्षमता म्हणजे व्यायाम त्रासदायक झाल्यावरही तो किती वेळ त्याच जोराने चालू ठेवू शकतो. प्रत्येक भागाचे गुण ८ ते ४० या दरम्यान येतात. ही दोन एकच नव्हेत, हा त्या प्रश्नावलीचा गाभा आहे. तुम्ही दोघांनी ती वेगवेगळी, एकमेकांचे न बघता भरून पाहावी.

यवतेश्वरचा पळपुटा

स्नायुसूत्र यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु त्याचा शेवट 'जोराचा व्यायाम तुमच्यासाठी नाही' असा होऊ नये, म्हणून विरुद्ध बाजूने लिहितो. मी साताऱ्याचा, वय ५१. यवतेश्वरचा घाट आठवड्यातून एकदा तरी पळत चढतो. सहा वर्षांपूर्वी पहिल्या वळणालाच कठड्याला धरून उभा राहत असे आणि खालून येणाऱ्या दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर "बसता का काका?" असे विचारत असे. आज त्याच वळणावर मी त्याला हात करतो. ही सहनक्षमता आकाशातून पडलेली नाही, आठवड्या-आठवड्याने कमावलेली आहे.

शास्त्राचेच बोलायचे तर २००७ साली नॉर्वेतल्या हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तरुणांचे गट करून, एकूण काम सारखे ठेवून, आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करून घेतला. चार मिनिटे हृदयाच्या कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर आणि मध्ये तीन मिनिटे सावकाश, असे चार वेळा करणाऱ्या गटाची ऑक्सिजनक्षमता ७.२ टक्क्यांनी वाढली. सावकाश, लांब पळणाऱ्या गटात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे जोराला पर्याय नाही असे नसले, तरी जोराचे स्वतःचे असे काही देणे आहे आणि ते नाकारता येत नाही.

माझा अनुभव असा की चार मिनिटांचा टप्पा चाळीस सेकंदांच्या मारामारीपेक्षा मला कितीतरी सुसह्य वाटतो, कारण त्यात वेग आपल्या हातात असतो. शिट्टी वाजली की सुटायचे आणि शिट्टी वाजली की थांबायचे, यात शरीराला स्वतःचा ताल सापडायला वेळच मिळत नाही. आमच्या लहानपणी तालमीत वस्ताद जोर-बैठका घालून घ्यायचे, पण आकडा प्रत्येकाचा वेगळा असायचा. नव्या पोराला पहिल्या दिवशी पंचवीस जोरांच्या पुढे जाऊ देत नसत, आणि चौथ्या दिवशी अंग धरले की हळद घातलेले दूध पाजत. सगळ्यांना एकाच घड्याळावर नाचवण्याची पद्धत जिमवाल्यांची.

जाता जाता एक. हल्ली चार मिनिटांच्या कोणत्याही उड्यांना 'तबाता' म्हणतात. मूळ प्रयोग जपानी संशोधक इझुमी तबाता यांचा, १९९६ चा. तो सायकलीवर केलेला होता, सहभागी तरुण आणि तंदुरुस्त होते, आणि २० सेकंदांचा जोर, कमाल ऑक्सिजनक्षमता गाठायला जेवढा लागतो त्याच्या तब्बल १७० टक्के होता. सात-आठ फेऱ्यांत माणूस संपावा, असाच त्याचा हिशेब होता. ते सामान्यांच्या सकाळच्या बॅचसाठी नव्हतेच.

नाडीपरीक्षा

वरील चर्चा पसंतीची आणि सहनशक्तीची चालली आहे; मी फिजिशियन असल्यामुळे मला त्याआधीची एक पायरी दिसते. ४४ वर्षांचा, बैठ्या नोकरीचा पुरुष एकाएकी आठवड्यातून चार दिवस कमालीच्या जवळ जाणारा व्यायाम करू लागतो, तेव्हा 'सोसत नाही' या तक्रारीला प्रथम वैद्यकीय तक्रार मानावे. भारतीय उपखंडातील लोकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार पाश्चात्त्यांच्या तुलनेत लवकरच्या वयात गाठतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड यांच्या तपासण्या करून घ्याव्यात, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, आणि ताणचाचणी (व्यायाम करायला लावून हृदय तपासण्याची चाचणी) हवी की नाही ते त्यांना ठरवू द्यावे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या माणसाला जिन्याचाही उंबरठा लागतो, आणि त्याला कोणीतरी मनोबलावर व्याख्यान देत असते.

नुसती मळमळ ही जोराच्या व्यायामात पुष्कळांना होते. स्नायूंकडे रक्त वळल्याने पोटाचा पुरवठा घटतो आणि सकाळी निघताना घेतलेला चहा-बिस्किटांचा ऐवज वर येऊ पाहतो. पण छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी दाखवावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असलेल्यांनी घड्याळावरच्या ठोक्यांवर अजिबात विसंबू नये, कारण ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही.

'सोडले तर काय नुकसान' याचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम, किंवा दोन्हींचे मिश्रण, असे सांगतात. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम. जोराच्या व्यायामात वेळ निम्मा लागतो, एवढाच त्यातला व्यवहार आहे. तुमच्याकडे वेळ असेल आणि झपझप चालणे तुम्हाला आवडत असेल, तर तुम्ही काही पाप करत नाही.

कोपऱ्यातली चटई

मी ठाण्यात राहते, शिक्षिका आहे. तुमची आदल्या रात्रीची गजराची गोष्ट वाचली आणि लिहिल्यावाचून राहवेना, कारण तीच गोष्ट मीही भोगली आहे. आमच्या वर्गात तिन्ही भिंतींना आरसे होते आणि फळ्यावर प्रत्येकीच्या बर्पींचा आकडा लिहिला जात असे. माझा आकडा सर्वांत कमी असे, म्हणून मी कोपऱ्यातली चटई धरली. सात महिने पैसे भरले आणि शेवटचे तीन महिने गेलेच नाही. तेव्हा स्वतःला खूप दूषणे दिली.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने एक साधा बदल सुचवला : जोर चढता ठेवण्याऐवजी उतरता ठेवायचा. अंग गरम झाले की सर्वांत अवघड भाग आधी, मग हळूहळू सोपे करत शेवटची दहा मिनिटे जवळजवळ फेरफटका. एखाद्या अनुभवाची आठवण त्याच्या शेवटावर फार अवलंबून असते, ही मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्या कामातून पुढे आलेली गोष्ट. तीच व्यायामाला लावून पाहणारा प्रयोग २०१६ साली झाला आणि उतरत्या जोराचा व्यायाम लोकांच्या आठवणीत जास्त सुखद राहिला, असे तिने सांगितले. मी प्रयोग वाचलेला नाही, परंतु स्वतःवर करून पाहिला आहे. शेवट गोड झाला की दुसऱ्या दिवशी बूट घालताना हात अडत नाही.

श्री. पळपुटा यांच्या एका मुद्द्याला मात्र माझा आक्षेप आहे. सहनक्षमता कमावता येते हे मान्य. पण ती कमावण्यासाठी माणूस सहा वर्षे टिकला पाहिजे, आणि तुम्ही टिकलात कारण तुम्हाला तो घाट मुळातच आवडतो. ज्याला आवडत नाही तो सहाव्या आठवड्यातच गेलेला असतो, आणि गेलेली माणसे अशा चर्चेत आपला अनुभव लिहायला येत नाहीत.

यवतेश्वरचा पळपुटा

ताई, हे कबूल. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या अकरा जणांपैकी आता आम्ही दोघेच उरलो आहोत, आणि बाकीचे नऊ जण कमकुवत होते असे मी आजवर खुशाल समजत होतो.

स्नायुसूत्र

दोन्ही बाजूंना जोडणारा एक मुद्दा आहे. बैठ्या जीवनशैलीच्या मध्यमवयीन स्त्रियांना आधी स्वतःच्या पसंतीचा वेग निवडू दिला आणि नंतर त्याहून फक्त दहा टक्के जास्त वेगावर चालायला लावले, असा प्रयोग २००८ मध्ये एकेकाकिस यांच्याच गटाने प्रसिद्ध केला. स्वतः निवडलेल्या वेगावर त्यांचे सुख टिकून राहिले. लादलेल्या वेगावर ते मिनिटागणिक घसरत गेले. पळपुटा यांना चार मिनिटांचे टप्पे का मानवतात, याचे उत्तर त्यातच असावे. नॉर्वेच्या प्रयोगाबद्दल इतकेच, की ते सहभागी तरुण होते आणि आधीपासून व्यायाम करणारे होते. त्यांचा उंबरठा आणि त्रिरश्मी यांचा उंबरठा एका पातळीवर नसणार.

उंबरठा घरच्या घरी ओळखायचा असेल, तर प्रयोगशाळा लागत नाही. चालता-पळताना पाठ असलेला काहीतरी मजकूर मोठ्याने म्हणावा. सलग म्हणता येतो तोवर तुम्ही अलीकडे आहात. दर दोन-तीन शब्दांना श्वास घ्यावा लागला की पलीकडे गेलात. आणि 'म्हणता येतंय, पण नको वाटतंय' अशी स्थिती आली की उंबरठ्यावरच उभे आहात.

त्रिरश्मी

सर्वांचे मनापासून आभार. मधले तीन आठवडे काय झाले ते सांगतो.

तपासण्या करून घेतल्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड ठीक निघाले, रक्तदाब सीमेवर आहे, ताणचाचणीत दोष आढळला नाही. चाचणीत ठोके १७१ पर्यंत गेले आणि त्यापुढे माझे पाय चालेनात, म्हणजे स्नायुसूत्र यांचा अंदाज बरोबर ठरला.

रविवारी दुपारी ती प्रश्नावली दोघांनी दोन खोल्यांत बसून भरली. पत्नीची पसंती ३४ आणि सहनक्षमता २३ आली. माझी पसंती १४ आली, ते अपेक्षितच होते. पण सहनक्षमता २९ निघाली, म्हणजे तिच्यापेक्षा सहाने जास्त. पत्नीने गुणांची बेरीज दोनदा तपासली. ती म्हणाली की तिला जोर आवडतो खरा, पण त्रास सुरू झाला की ती लगेच पाणी प्यायला जाते, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. आणि मी मात्र सात महिने न आवडणारी गोष्ट दात-ओठ खाऊन करत राहिलो.

पाठ असलेल्या मजकुराचा प्रयोग पांडवलेणीच्या पायऱ्यांवर केला. मनाचे श्लोक म्हणत चढलो. नेहमीच्या वेगाने चढताना श्लोक सलग येत होते, वेग जरासा वाढवला की तिसऱ्या चरणाला तुटत होते. खाली उतरणाऱ्या एका आजोबांनी हात जोडले, तेव्हा थोडा संकोच वाटला.

ट्रेनरशी बोललो. आता दोन दिवस मी त्याच वेळेला वजनांचा व्यायाम करतो, दोन दिवस चालतो आणि रविवारी पायऱ्या चढतो. त्यात पळपुटा यांच्या पद्धतीने, पण माझ्या हिशेबाने, श्लोक तुटेपर्यंतचे चार टप्पे घेतो आणि शेवट उतरता ठेवतो. ट्रेनरने पालुपद सोडलेले नाही, फक्त ते आता माझ्याऐवजी दुसऱ्या एका गृहस्थांना ऐकवतो. त्या गृहस्थांना मी प्रश्नावली दिली आहे. एक प्रश्न मात्र उरतो : पत्नी रविवारी माझ्याबरोबर यायला तयार आहे, पण ती दोन-दोन पायऱ्या चढत वर जाऊन बसते आणि वरून मला हाका मारते. भिन्न पसंतीच्या दोन माणसांनी एकत्र व्यायाम कसा करावा, याचा कोणाला अनुभव आहे का?

कोपऱ्यातली चटई

आहे. तिला वर पोचल्यावर पुन्हा खाली येऊन तुम्हाला गाठायला सांगा, आणि असे तुम्ही वर पोचेपर्यंत जितक्या वेळा होईल तितक्या वेळा. आमच्या घरी येऊरच्या चढावर हेच चालते. मी एकदा चढते, मुलगा तीनदा.